डबल नंबर, डबल मेसेज : आपल्या द्राक्ष-बेदाणा ग्रुपवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष आणि बेदाणा बागायतदारांच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा माणूस आला की महिनाभरात यातला एखादा प्रश्न हमखास विचारतो. जुनी माणसंही विचारतात, पण जरा चिडून. आम्ही ॲडमिन प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत राहिलो आणि त्यातून गैरसमजच वाढले. म्हणून सगळी उत्तरं एकदा लिहून काढली आहेत. ग्रुप तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागांचा असला तरी पावसाळ्यात कृष्णाकाठची गावं याच ग्रुपवर पाण्याची खबर बघतात. त्यामुळं इथं कोण बोलतंय आणि कधीचं बोलतंय, या दोन्हीला फार किंमत आहे.

एका माणसाचे दोन नंबर ग्रुपमध्ये असले तर चालतात का?

चालतात. एक सिम घरातल्या मोबाइलमध्ये, दुसरं बागेत नेण्याच्या साध्या फोनमध्ये, असं कितीतरी जणांचं आहे. काही आबा-अण्णांचा नंबर पुण्यात नोकरीला असलेला मुलगा चालवतो आणि संध्याकाळी फोन करून त्यांना वाचून दाखवतो. यात लपवण्यासारखं काही नाही. आमची अट इतकीच, की दोन नंबरांवरून एकच माणूस दोन माणसं असल्यासारखा बोलू नये. मतदान असेल तर घरटी नव्हे, माणशी एक मत. दर सांगायचा असेल तर एकाच नंबरवरून. दुसरा नंबर आपलाच आहे हे एखाद्या ॲडमिनला कळवून ठेवलं की विषय मिटला.

मग डबल नंबरनं नुकसान तरी काय होतं?

बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवलेला आहे, भाडं चालू आहे, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. अशा माणसाला संध्याकाळी तीन वेगवेगळ्या नंबरांवरून कळतं की ‘आज सौद्यात दर मोडला, अजून पडणार, माल काढा.’ एकानंच लिहिलं असतं तर त्यानं आधी आपल्या अडत्याला फोन केला असता. तिघांनी लिहिलं म्हणून फोन न करता दुसऱ्या दिवशी सकाळी माल काढला. ते तीन नंबर एकाच्याच खिशात होते हे नंतर कळून उपयोग काय? वर्षाची मेहनत एका रात्रीत स्वस्तात गेलेली असते.

दुसरी जागा रोपांची. कुणीतरी विचारतं, ‘डॉगरीजची खुंटरोपं (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ती मुळाची रोपं) चांगली कुठं मिळतील?’ लगेच एक नंबर नर्सरी सुचवतो, दुसरा म्हणतो ‘मीपण तिथूनच नेली, एक नंबर निघाली’, तिसरा फोटो टाकतो. फवारणी चुकली तर एका हंगामाचं नुकसान होतं. रोप चुकलं तर पुढची दहा-बारा वर्षं तीच बाग डोळ्यांसमोर उभी असते. म्हणून विक्रेत्यानं आपल्याच मालाची शिफारस दुसऱ्या नावानं करणं आम्ही सगळ्यात गंभीर धरतो. स्वतःच्या नावानं त्यानं खुशाल सांगावं, ‘माझी नर्सरी आहे, येऊन बघा.’

संशय कशावरून घ्यायचा?

एकाच खुणेवरून कधीच घ्यायचा नाही. दोन नंबर ग्रुपमध्ये एकाच दिवशी आले, दोघं एकमेकांनाच दुजोरा देतात, एक बोलताना दुसरा गप्प असतो, दोघांचे फोटो एकाच बागेचे आहेत आणि दोघं मिळून एकाच दुकानाकडे बोट दाखवतात, असं सगळं जुळलं तर मात्र बघायला हवं. विशेषतः शेवटची खूण. फायदा कुणाचा होतोय हे बघितल्याशिवाय बाकीच्या खुणांना अर्थ नाही.

फसवणाऱ्या खुणा त्याहून जास्त आहेत आणि आम्ही त्यात पडलेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहितो. आडनावाचं तर विचारूच नका. आपल्याकडं एकेका गावात निम्मी घरं पाटलांची, नावंही आजोबांवरून ठेवलेली, तेव्हा एकाच नावाचे तिघं निघणं काही नवल नाही. दोन भावांची बाग एकाच गटात असते, त्यामुळं फोटोतला मांडव सारखाच दिसतो. कृषी सहायकांनी पाठवलेला मेसेज दहा जण जसाच्या तसा टाकतात. आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा लक्षात आली. सारख्या शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की आम्ही म्हणायचो, हात एकच आहे. पण आता निम्मी मंडळी टाइप करतच नाहीत, माइक दाबून बोलतात. बोललेलं लिहून देणारं यंत्र सगळ्यांच्या बोलण्यात त्याच त्या चुका करतं. त्या दिवसापासून शुद्धलेखनाची खूण आम्ही सोडून दिली.

ॲडमिनला आतून काही जास्त दिसतं का?

नाही. तुम्हाला दिसतो तोच नंबर, तेच नाव, तोच डीपी. मेसेज कुठल्या फोनवरून आला, कुठून आला, दोन नंबर एकाच मोबाइलमध्ये आहेत का, यातलं काहीच आम्हाला दिसत नाही. ‘तुम्हाला सगळं माहीत असून गप्प बसता’ असं कुणी म्हटलं की म्हणूनच वाईट वाटतं.

संशय आला तर सरळ ग्रुपवरच विचारलं तर काय बिघडलं?

बिघडतं. कसं, ते आमच्याच हातून घडलेल्या चुकीवरून सांगतो.

मिरज तालुक्यातल्या एका गावचे दोन नंबर ग्रुपमध्ये होते. एकावर एका बाईंचं नाव, दुसऱ्यावर एका पुरुषाचं. दोन्हीकडून येणारे प्रश्न सारखेच. पोंगा अवस्थेत (छाटणीनंतर डोळे फुटून कोंब निघतात तेव्हा) काय मारायचं, घड जिरतायत (कोवळे घड वाढण्याआधीच नाहीसे होतायत), पाणी किती सोडायचं. एका सदस्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘हा माणूस तर दोन वर्षांपूर्वी वारलाय, हे फेक खातं आहे.’ बघता बघता दहा-बारा जणांनी ‘काढून टाका’ म्हटलं. रात्रीची वेळ होती. मी कुणाला फोन न करता दोन्ही नंबर काढले.

दुसऱ्या दिवशी त्या वहिनींचा फोन आला. तो नंबर त्यांच्या मालकांचाच होता. बँक, पीकविमा, माती परीक्षणाचा रिपोर्ट, द्राक्षाच्या व्यापाऱ्याची ओळख, सगळं त्या नंबरला जोडलेलं, म्हणून त्यांनी तो चालू ठेवला होता. नाव बदलायला हात धजावला नव्हता. बाग त्या एकट्या बघत होत्या. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, ‘दादा, एक फोन करायचा होता.’

आम्ही दोन्ही नंबर परत घेतले आणि ग्रुपवर माफी मागितली. पण ‘फेक’ म्हणणारे मेसेज तोवर गावभर झाले होते, ते काही परत घेता आले नाहीत. खालचे सगळे नियम त्या एका वाक्यातून आले आहेत.

मग करायचं काय?

तुम्ही एकच करायचं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून कुठल्याही एका ॲडमिनला खासगीत पाठवायचा आणि काय खटकलं ते दोन ओळींत लिहायचं. ग्रुपवर त्याला उत्तर द्यायचं नाही, टोमणा मारायचा नाही, हसरा चेहराही टाकायचा नाही.

पुढचं काम आमचं. एकटा ॲडमिन निर्णय घेत नाही, निदान दोघं मिळून बघतात. त्यातला एक त्या माणसाच्या गावचा किंवा भावकीतला नसावा, हे आम्ही कटाक्षानं पाळतो. मग त्या माणसाला खासगीत असा निरोप जातो :

‘नमस्कार दादा. ग्रुपवर तुमच्या आणि अमुक नंबरच्या पोस्टी बऱ्याच सारख्या दिसल्या. दोन्ही नंबर तुमचेच आहेत का, की घरातल्या कुणाचे? असले तरी हरकत नाही, फक्त माहिती असावी म्हणून विचारतो. सवडीनं फोन केलात तरी चालेल.’

दादाच्या जागी ताई, काका, अण्णा, जसं असेल तसं. या निरोपात ‘फेक’, ‘कारवाई’, ‘तक्रार’ हे शब्द येत नाहीत. कुणी तक्रार केली हे तर कधीच सांगितलं जात नाही. उत्तराला दोन दिवस देतो. छाटणीच्या किंवा काढणीच्या गडबडीत माणूस फोनकडं बघत नाही, तेव्हा चार.

बहुतेक वेळा उत्तर साधंच येतं : ‘होय, दुसरा नंबर पोराचा आहे.’ विषय संपतो.

आणि उत्तर आलंच नाही, किंवा खोटं निघालं तर?

उत्तर नसेल तर दुसरा नंबर काढतो, पहिला ठेवतो. जाणूनबुजून दर पाडण्यासाठी किंवा माल खपवण्यासाठी दोन तोंडांनी बोलल्याचं नक्की झालं तर दोन्ही नंबर जातात. तेव्हाही ग्रुपवर त्याचं नाव घेत नाही. पण त्यानं दराबद्दल किंवा मालाबद्दल जे लिहिलं होतं त्यावर विसंबू नका, एवढं स्पष्ट कळवतो. कारण माणसाची अब्रू जितकी जपायची, तितकाच त्याच्या मेसेजवर माल काढणाऱ्याचा पैसाही जपायचा.

काढलेला माणूस दुसऱ्या नंबरनं परत आला तर?

येतातच. याबाबत आमच्यातही दोन मतं आहेत. माझं मत असं, की तो स्वतःच्या नावानं आला आणि नीट वागला तर राहू द्यावा. गावातल्या गावात माणूस कायमचा तोडून चालत नाही, उद्या त्याच्याच ट्रॅक्टरवर आपला माल जाणार असतो. दुसऱ्याच्या नावानं आला तर मात्र पुन्हा बाहेर.

न विचारता लगेच नंबर काढायचा, असा प्रसंग कुठला?

दोनच. पहिला, एखाद्याचं खातं चोरीला गेलं तर. रोजच्या ओळखीचा माणूस अचानक शुद्ध हिंदीत पैसे मागायला लागतो, लिंक पाठवतो किंवा म्हणतो ‘माझा सहा अंकी कोड चुकून तुमच्याकडं आलाय, जरा सांगा.’ तो कोड तुमच्याच खात्याचा असतो. सांगितला की तुमचंही खातं गेलं. अशा वेळी आम्ही तो नंबर तत्काळ काढतो आणि त्या माणसाला साध्या फोनवर कळवतो, कारण व्हॉट्सॲप आता त्याच्या हातात नसतं. त्यानं आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन पुन्हा लॉगिन केलं की चोर बाहेर पडतो. त्यानंतर सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावून घ्यावा. खरं तर सगळ्यांनी तो आजच लावावा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रसंग, ॲडमिनचा डीपी आणि नाव लावून भलत्याच नंबरवरून कुणी बोलत असेल तर. पुराच्या दिवसांत ‘पूरग्रस्तांना मदत’ म्हणून यूपीआय नंबर पाठवण्याचा प्रकार असाच होतो. आपला ग्रुप कुणाकडूनही, कशासाठीही पैसे गोळा करत नाही. डीपी बघू नका, नंबर बघा. दुसऱ्याच्या नावानं ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढा व्याप कशाला? सगळ्यांचं आधार कार्ड मागवून घ्या.

हे पुन्हा पुन्हा सुचवलं जातं. आम्ही ते करणार नाही. आधारचे शेकडो फोटो आमच्यासारख्या पाच जणांच्या मोबाइलमध्ये पडून राहिले आणि त्यातला एक मोबाइल हरवला, तर जे नुकसान होईल त्यापुढं डबल खात्याचं नुकसान काहीच नाही. ओळख पटवायला गाव पुरेसं आहे. कुठल्या गावचे, बाग कुठं, शेजारी कोण, एवढ्या पाच मिनिटांच्या बोलण्यात खरं-खोटं कळतं. तुमच्या नावावर तुम्हाला न विचारता कुणी सिम घेतलंय अशी शंका असेल, तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरची सगळी कनेक्शनं बघता येतात आणि नको ती कळवता येतात.

माझा एकच मेसेज तीनदा गेला. मला स्पॅम म्हणून काढणार का?

नाही हो. बागेत रेंज नसते, मेसेजपुढं घड्याळ दिसतं, माणूस पुन्हा पाठवतो, मग पुन्हा. घरी आलं की तिन्ही एकदम जातात. जादाचे दोन स्वतः डिलीट करा. जमलं नाही तर ॲडमिन करतील.

‘डाऊनीला (केवडा रोगाला) काय मारू?’ हा प्रश्न दरवर्षी शंभर वेळा येतो. तो बंद का करत नाही?

कारण तो एकच प्रश्न नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विचारणाऱ्याची बाग पोंग्यात आहे की फुलोऱ्यात, माल बेदाण्याला जाणार की निर्यातीला, काल काय मारलं, यावर उत्तर बदलतं. नव्या पोराला ‘वर जाऊन जुने मेसेज वाच’ असं तोडून बोलू नये. त्याची बाग आज धोक्यात आहे.

उलट धोका आहे तो जुन्या *उत्तराचा*. गेल्या वर्षीचं फवारणीचं वेळापत्रक कुणीतरी पुन्हा टाकतं. निर्यातीच्या बागांसाठी चालणाऱ्या औषधांची यादी हंगामागणिक बदलते, काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही औषधागणिक वेगळं असतं. जुन्या यादीवर फवारलं आणि मालात औषधाचा उर्वरित अंश सापडला, तर अख्खा प्लॉट नापास होतो. म्हणून प्रश्न कितीदाही विचारा. उत्तर देताना मात्र जुनं वेळापत्रक चिकटवू नका, आणि तारीख नसलेलं तर मुळीच नको.

पुराचे जुने मेसेज इतक्या कडकपणे का काढता?

‘कोयना धरण पूर्ण भरले, दरवाजे उघडले, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे.’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात कधी ना कधी खरं असतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, ती काही बदलत नाही. त्यामुळं पाच वर्षांपूर्वीचा मेसेज आणि आजचा मेसेज शब्दाला शब्द सारखा असू शकतो. खरं-खोटं फक्त तारखेत असतं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी ५५ फुटांच्या आसपास आलं. ज्यांनी दोन वर्षांत दोनदा घर धुतलं, त्यांना रात्री अकराला ‘पाणी ५० फुटांवर’ असा २०१९ चा मेसेज मिळाला, तर ती माणसं जनावरं सोडून अंधारात रस्त्याला लागतात. आणि अशा खोट्या हाका तीन-चारदा झाल्या की खऱ्या हाकेला कुणी उठत नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते.

म्हणून जून ते सप्टेंबर पाण्याच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यातच : तारीख, वेळ आणि कुणी सांगितलं (पाटबंधारे विभाग, जिल्हा प्रशासन, की स्वतः पुलावर जाऊन बघितलं). यातली एक जरी नसली तरी आम्ही मेसेज काढतो, खरा असला तरी. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली, म्हणजे तो खूप हातांतून फिरून आलाय, तर तो इथं टाकूच नका. ही खूण चुकवायला काही जण मजकूर कॉपी करून नवा म्हणून टाकतात. कृपा करून असं करू नका. फोटोचंही तेच. पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेचा फोटो कुठल्या वर्षीचा, हे फोटो सांगत नाही.

‘रक्त हवंय’, ‘म्हैस हरवली’ असले मेसेज पुन्हा पुन्हा टाकले तर चालतात ना? चांगल्या कामासाठीच असतात.

पहिल्यांदा टाकताना तारीख घाला. काम झालं की ज्यानं टाकला त्यानंच खाली ‘रक्त मिळालं’, ‘म्हैस सापडली’ असं लिहून मूळ मेसेज काढावा. हे आपल्याकडं कुणीच करत नाही. मिरजेत एका पेशंटसाठी रक्त हवं म्हणून मेसेज आला होता, त्यात मुलाचा नंबर होता. वडील गेले. त्यानंतर कितीतरी महिने त्या मुलाला फोन येत राहिले, ‘अजून रक्त हवंय का?’ म्हणून. विचारणारी सगळी माणसं भली होती. तो मुलगा प्रत्येकाला तेच उत्तर देत होता. तेव्हा पुढं पाठवण्याआधी त्या नंबरवर एक फोन करा.

विक्रीची पोस्ट किती वेळा टाकायची?

आठवड्यातून एकदा, एकाच नंबरवरून. माल विकला गेला की पोस्ट काढायची.

डबल खात्यानं काही उद्योग केला तर ॲडमिनवर केस होते का?

ही भीती नव्या ॲडमिनना फार असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे, की समान हेतू नसेल तर दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. पण बेकायदा काही दिसलं तर ते काढणं आणि स्क्रीनशॉट जपून ठेवणं हे आम्ही आमचं कामच समजतो.

घरातलं माणूस गेलं. त्यांचा नंबर ग्रुपमध्ये आहे. आता काय करू?

सवडीनं, जमेल तेव्हा, एका ॲडमिनला सांगून ठेवा. नंबर तुम्ही वापरणार असाल तर तसाच राहू द्या. नाव आणि डीपी बदलायलाच हवा असं काही नाही. आमच्या यादीत आम्ही तुमचं नाव लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी शंका घेतली तरी तुम्हाला विचारायची वेळ येणार नाही.

सिम बंदच करणार असाल, तर आधी त्या नंबरवरून ग्रुप सोडा आणि मगच बंद करा. बँकेत आणि पीकविम्याला दिलेला नंबरही त्याआधीच बदलून घ्या. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. स्वतःचा नंबर बदलत असाल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘नंबर बदला’ हा पर्याय आहे. त्यातून गेलात तर ग्रुप तसेच राहतात आणि नंबर बदलल्याची ओळ सगळ्यांना दिसते. यातलं काही जमत नसेल तर फोन करा. आमच्यापैकी जो जवळच्या गावात असेल तो घरी येऊन करून देईल.